बाहुबलीच्या वाटेवर

पुण्याहून कुंभोजच्या बाहुबली क्षेत्री निघालो, तेव्हा वाटेत सर्व मिळते या भरवशावर घरून काहीच घेतले नव्हते. महामार्गावरील थांब्यावर नातवाने खमंग चकत्यांचा पुडा उचलला. हिरवा ठिपका पाहून मीही मान डोलावली. गाडीत त्याने मागची बारीक अक्षरे वाचली : पाम तेल, कांदा पूड, लसूण पूड. "आजोबा, हे आपल्याला चालते?"

हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो; तो कंदमूळरहित वा हितकर आहे, असे सांगत नाही. त्यासाठी यादीच वाचावी लागते. तीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने असतात. तेल वा साखर आरंभीच दिसली, तर काय ते उमगावे.

१९६३ साली प्रतिष्ठापिलेल्या २८ फुटी संगमरवरी बाहुबलींचे दर्शन घेतले. सूर्यास्तापूर्वी भोजनालयात ज्वारीची भाकरी, वरण-भात, दुधी भोपळ्याची भाजी आणि गाळलेले पाणी मिळाले. नातू म्हणाला, "इथे वाचायला काहीच नाही, सगळे दिसते आहे."

मला मात्र हसू आले नाही. तसेच पुडे माझ्या दुकानात दर्शनी हारीने टांगलेले होते. फुटाणे व राजगिऱ्याचे लाडू मागच्या फळीवर.

परतल्यावर पुडे सर्वस्वी काढता आले नाहीत, गिऱ्हाईक मागतेच. पण फुटाणे, लाडू पुढे आले. आणि पुढील यात्रेस दशम्यांचा डबा घरूनच निघाला.