वरठी ते आळंदी

वारीहून परत आल्यापासून सगळे मला दोनच प्रश्न विचारतात. पाय दुखले का? दुखले. आणि, एकटीच गेलीस? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देता देता माझी दमछाक झाली, म्हणून आज इथे सविस्तर लिहितेय. अमरावतीची आत्या, पुण्याचे दोघे भाऊ आणि नेहमीची वाचक मंडळी, सगळ्यांनी एकदाच वाचून घ्या.

खरं म्हणजे वारीत कुणी एकटं नसतंच. आळंदीला पोचलं की पुढे पागोट्यांचा आणि तुळशीवृंदावनांचा पूर असतो. माझं एकटेपण होतं ते फक्त गाडीतलं, वरठी ते पुणे. एका दिवसाचं आणि एका रात्रीचं. पण वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, नवरा नाही, भाऊ नाही, लग्नाचं वऱ्हाड नाही, अशी एक अख्खी रात्र गाडीत काढायची माझी ही पहिलीच वेळ. त्यामुळे घरच्यांना चालण्यापेक्षा त्या रात्रीचीच काळजी जास्त होती!

ही गोष्ट २०२४ च्या जूनमधली. त्या वर्षी २९ जूनला माऊलींची पालखी आळंदीहून निघणार होती. एका मैत्रिणीच्या ओळखीने दिंडीत नाव लागलं, भिशी भरली, तीन आठवड्यांची रजा मंजूर झाली. मग घरात सांगितलं. दादा म्हणाला, "अगं, आषाढात कोणी घर सोडतं का?"

देशावरच्या वाचकांना हा प्रश्न उलटा वाटेल. आषाढात तर अर्धा महाराष्ट्र घर सोडून निघतो. पण ते ज्वारी-बाजरीच्या मुलखात. मृगाचा पाऊस पडला, पेरणी उरकली, आता पीक वर येऊन निंदणीला येईपर्यंत थोडी उसंत आहे, तेवढ्यात माणूस पंढरपूरला जाऊन येतो. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा-गोंदियाकडे, सगळा धानाचा कारभार. जूनमध्ये पऱ्हे टाकायचे आणि आषाढात, ऐन एकादशीच्या सुमारास, रोवणा. बांधीत पाणी साठलेलं असतं, चिखलणी झालेली असते, पऱ्हे उपटून ठेवलेले असतात. तेव्हा चार दिवस इकडेतिकडे झाले की वर्षाचा हिशेब बिघडतो. आणि रोवणा करतात बाया. दिवसभर कमरेत वाकून, पोटऱ्यांपर्यंत चिखलात, पाठीवर पाऊस घेत. आमच्या भागातून आषाढीची पायी वारी कमी होते त्याचं कारण भक्ती कमी आहे असं कुणी समजू नये. विठोबाचं कॅलेंडर धानाला विचारून केलेलं नाही, एवढंच.

माझ्या आईने असे चाळीसच्या वर रोवणे केले. एकादशीचा उपास धरून, शिंगाड्याच्या पिठाचा शिरा डब्यात घेऊन ती बांधीत उतरायची. वारीला जायची इच्छा तिने कधी लपवली नाही आणि कधी तिचा हट्टही केला नाही. आता ती चौऱ्याहत्तरची आहे, गुडघे गेलेत. शेत दादा बघतो, रोवणा ठेक्याने देतो. म्हणजे ज्या वर्षी तिला सुटी मिळाली त्याच्या आधीच पाय संपले होते. मी जाते म्हटल्यावर ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "मी विठोबाले दरसाल म्हणो, एक साल रोवना मागं सरकव. त्यानं काही सरकवला नाही."

मला वाटलं, ती आता रडेल. पण तिने लगेच विचारलं, "गाडीचं तिकीट काढलंस का?" दादाने एक शेवटचा मुद्दा काढून पाहिला, की गाडीने निम्मी वाट जायची आणि म्हणायचं वारी केली! त्यावर आईचं उत्तर तयार होतं. २०२० साली कोरोनात वारी झाली नाही तेव्हा पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या होत्या, ते तिने टीव्हीवर पाहिलेलं. "खुद्द माऊली बसनं गेली," ती म्हणाली, "हिनं गाडीत बसावं तर तुले काय होते?" दादा गप्प.

तर २७ जूनच्या सकाळी वरठी. बाहेरच्यांना माहीत नसतं, भंडारा रोड नावाचं स्टेशन भंडाऱ्यात नाही, दहा-एक किलोमीटर दूर वरठीला आहे. सनफ्लॅगची चिमणी दिसली की समजायचं स्टेशन आलं. महाराष्ट्र एक्सप्रेस गोंदियाहून निघते आणि कोल्हापूरला जाते. राज्याच्या एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपते, नाव अगदी सार्थ. सोडायला दादाच आला होता. खिडकीतून त्याने पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, "चार्जर घेतलास ना?" आमच्या घरात आशीर्वाद असाच देतात.

डब्यात माझ्यासमोर तिरोड्याकडची चार पोरं होती. ही गाडी त्यांचीच आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. आमच्या दोन्ही जिल्ह्यांतली किती पोरं चाकणला, रांजणगावला कंपन्यांत आहेत, हे सीटखालची पोती पाहून कळतं. प्रत्येकाकडे घरचा तांदूळ. एकाकडे चिन्नोर होता, पोत्याचं तोंड नीट शिवलेलं नसल्याने त्याचा वास नागपूरपर्यंत येत होता. मी आळंदीला उतरून पुढे चालत जाणार म्हटल्यावर त्यातला एक हसला. "काकू, आळंदी आमच्या रूमच्या बाजूलेच हाये. पालखी निघाली का आमचा रस्ता बंद, मंग नाईट करा लागते." चार वर्षं आळंदीशेजारी राहून त्याने पालखी एकदाही पाहिली नव्हती. एकदा तर म्हणे तो झोपला होता आणि पालखी पुण्याकडे निघूनही गेली. मला हसू आलं, मग नाही आलं. आईला शेताने सुटी दिली नाही, याला शिफ्ट देत नाही.

कामठीच्या आधी कन्हान नदी ओलांडली. नागपूरनंतर माझं ओळखीचं हिरवं संपलं. धानाच्या बांध्या नसलेली जमीन मला नेहमी उघडी वाटते, धुऱ्यांशिवाय सपाट पसरलेली. पुलगावला वर्धा नदी ओलांडली आणि काळ्या मातीचा वऱ्हाड सुरू झाला, कपाशी-तुरीची टोबणी चाललेली. दुपारभर मी खिडकी सोडली नाही. कुणाला डबा वाढायचा नव्हता, कुणाला औषधाची आठवण करायची नव्हती. पहिल्या दोन-तीन तासांत हात सारखे पर्सकडे जात होते, काहीतरी करायचं राहून गेलंय असं वाटत होतं. बडनेरा गेल्यावर ते थांबलं. माझ्या "एकटीच का?" चं उत्तर बहुतेक बडनेऱ्याच्या आसपास कुठेतरी आहे. पण ते तुम्हाला नीट सांगता येईल असं वाटत नाही. असो.

शेगावला निम्मा डबा उतरला. तिथली गजानन महाराजांची पालखी तोवर केव्हाच पंढरपूरच्या वाटेला लागली होती. ती महिनाभर चालते, खरं तर विदर्भाच्या माणसाने तिच्याबरोबर जावं. माझी रजा तेवढी नव्हती. शिवाय आषाढीला नागपूर, अमरावती, खामगावहून पंढरपूरला स्पेशल गाड्या सुटतात, त्याने जाणाऱ्यांचीही वारी मी कमी मानत नाही. ज्याला जेवढं जमेल.

मुक्कामाच्या गावी गाडीने जाऊन मग चालायला लागणारे जगात इतरही आहेत, हे मी निघायच्या आधी वाचलं होतं. युरोपात सांतियागोची वारी आहे. स्पेनमधल्या त्या देवळाला जाण्यासाठी पुष्कळ लोक आधी फ्रान्समध्ये रेल्वेने फिरतात. पॅरिसहून बायोनपर्यंत मोठी गाडी, तिथून सेंट-जाँ-पिए-द-पोर नावाच्या डोंगराखालच्या गावी जाणारी छोटी गाडी. तिथून पावणेआठशे किलोमीटर पायी. पाठीवरच्या सॅकला शिंपला बांधलेला असतो, आपल्याकडच्या तुळशीच्या माळेसारखा. आणि त्यांतली बरीच माणसं एकटी येतात, बायासुद्धा. त्यांनाही स्टेशनवर कुणीतरी चार्जरबद्दल विचारत असेल का, असा प्रश्न मला मलकापूरच्या आसपास पडला.

जळगावात अंधार पडता पडता केळीच्या बागा. मनमाडला जेवण. मग दिवे मालवले गेले, पोरं झोपली, आणि मी पर्स उशाशी घेऊन जागी. भीती वाटली का? थोडी वाटली. वरच्या बर्थवर कोण आलं, कोण गेलं, हे सगळं कान ऐकत होते. पण कोपरगावच्या पुढे गोदावरीचा पूल वाजला तेव्हा भीतीपेक्षा मजा जास्त वाटली. आमची वैनगंगा, मघाची कन्हान, पुलगावची वर्धा, सगळ्या जणी शेवटी प्राणहितेतून हिलाच जाऊन मिळतात, पार तिकडे खाली सिरोंचाजवळ. त्या एवढं फिरून येणार आणि मी रातोरात सरळ येऊन पोचले.

दौंडच्या अलीकडे भीमा ओलांडली. अंधारात पाणी होतं की नुसती वाळू, काही दिसलं नाही. पण मी उठून बसले. कारण पंढरपूरची चंद्रभागा ती हीच. शाळेत भूगोलात पाठ केलेलं, पण असं पोटात जाऊन लागलं नव्हतं. दौंडहून कुर्डुवाडीमार्गे पंढरपूरला रेल्वे जाते. कुर्डुवाडीपासून पुढे एकेकाळी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी होती, आता मोठी लाईन आहे. म्हणजे तिथे गाडी बदलली असती तर काही तासांत मी विठोबाच्या दारात असते. माझी गाडी मात्र पुण्याकडे वळली, नदीच्या उलट. जिथे जायचंय त्याच्या जवळून जाऊन मुद्दाम लांब जायचं आणि मग अडीचशे किलोमीटर चालत परत यायचं. रात्री तीनच्या सुमाराला हे कुणालाही समजावून सांगता आलं नसतं. मला स्वतःला ते इतकं बरोबर वाटत होतं की मी खिडकीला डोकं टेकून हसत बसले.

पहाटे पुणे. चाकणच्या पोराने मला आळंदीच्या बसपर्यंत पोचवलं. तांदळाचं पोतं खांद्यावर, वरून माझी पिशवीही त्यानेच घेतली. "पाया पडून घ्या आमच्याकडूनबी," एवढं म्हणून तो गर्दीत गेला.

आळंदीत दिंडीचा ट्रक शोधायला दोन तास लागले. तंबूत परभणीकडच्या बाया होत्या. "कुठून आल्या माऊली?" मी म्हटलं, भंडाऱ्याहून. "अगोबाई, जवळच की!" मला काही कळेना. मग लक्षात आलं, त्यांना देहूजवळचा भंडारा डोंगर वाटला, तुकोबांचा. मी म्हटलं, तो नव्हे, भंडारा जिल्हा. त्यावर एका म्हातारीला जेजुरीचा भंडारा आठवला. शेवटी "नागपूरच्याही पलीकडे" म्हटल्यावर सगळ्या गप्प झाल्या आणि एकीने सरकून मला भिंतीकडची कोरडी जागा दिली.

संध्याकाळी इंद्रायणीच्या घाटावरून आईला फोन लावला. तिने आधी पावसाचं सांगितलं. इकडे पाणी नाही, पऱ्हे पिवळे पडायला लागलेत, दादा रोज आभाळाकडे बघतो. मग म्हणाली, "किती चालली?"

"अजून काहीच नाही, आई. चालणं उद्यापासून. आतापर्यंत नऊशेवर किलोमीटर झाले, पण ते गाडीतले."

ती जरा थांबली. मागे रेडिओ चालू होता, कुणीतरी कोंबड्या हाकलत होतं.

"ते बी धर," ती म्हणाली. "वरठीपासून मोज."