नंबर लावून ये

सत्तर-ऐंशीच्या दशकांत मराठी घरात वाढलेल्या कुणालाही हे तीन शब्द ऐकवून बघा. पुढचं वाक्य सांगावं लागत नसे. हातात डबा दिला की गिरणी, कॅन दिला की रॉकेल, कार्ड दिलं की रेशन, आणि नुसतंच "पळ, नंबर लावून ये, मी बाळाला घेऊन आलेच" म्हटलं की दवाखाना. ज्या आज्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, त्यासुद्धा हा शब्द दिवसातून कितीदा वापरत, आणि तो परका आहे असं त्यांच्या मनातही येत नसे. क्रमांक आकाशवाणीवर आणि बक्षीस समारंभाच्या पत्रिकेत असायचा. घरात असायचा तो नंबर.

चाळीतला दिवस नळाच्या नंबरानं उजाडायचा. पाणी यायच्या आधीच हंडे-कळश्या ओळीनं मांडलेल्या असत. माणूस जागेवर नसला तरी भांडं उभं असे, आणि भांडं घरात अडकलेलं असेल तर पोचा पडलेली बादली, तीही नसेल तर वीट. त्या विटेला मान होता. "ही कुणाची?" असं कुणी विचारलं, की तीन बायका एकदम सांगत, "वरच्या काकूंची, सासूबाईंना आंघोळ घालून येतायत." मग वीट पुढे सरकायची, अगदी काकू स्वतः उभ्या असल्यासारखी. भांडणं व्हायची, नाही असं नाही. कडाक्याची व्हायची. पण ती मध्ये घुसणाऱ्यावरून व्हायची. आजारी बाईचा नंबर धरून ठेवण्यावरून झालेलं भांडण आपल्यापैकी फार थोड्यांना आठवत असेल.

अर्थात, पाण्यावरचा हा नंबर सगळ्यांना होता असं लिहिलं तर ते खोटं होईल. गावाकडच्या विहिरीवर कितीतरी घरांना नंबरच नव्हता. रिकामी घागर घेऊन लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरून ओतलेलं पाणी घ्यायचं. बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं ते 20 मार्च 1927 ला. त्यानंतर चाळीस-पन्नास वर्षांनी जन्मलेल्या आपल्यातल्याच कित्येकांनी आपल्या आईला असं लांब उभं राहिलेलं पाहिलं आहे. शहरात येऊन, सार्वजनिक नळावर सगळ्यांच्या रांगेत आपला हंडा पहिल्यांदा ठेवताना त्या बायकांना काय वाटलं असेल, हे त्यांच्याच तोंडून ऐकायला हवं. माझ्या मते या शब्दाचा सगळ्यात मोठा अर्थ तिथे आहे.

गिरणीतल्या नंबराचं शास्त्र वेगळंच. डबा ओळीत ठेवला म्हणजे काम झालं असं नव्हे. आईनं बजावलेलं असे, "बाजरीवर गहू टाकू देऊ नको." म्हणजे आपल्या पुढच्या डब्यात बाजरी असेल, तर आपला नंबर येऊनही तो सोडायचा, कुणाचे तरी गहू आधी जाऊ द्यायचे, आणि गव्हावर गहू आला की मग आपला डबा वर द्यायचा. आठ-नऊ वर्षांची मुलं पट्ट्याच्या त्या खडखडाटात, भुवयांवर पीठ साचेपर्यंत उभी राहून हा हिशेब बिनचूक करायची. चक्कीवालाही मुलांना फसवत नसे. घरी आल्यावर आई आधी डब्यात हात घालून पीठ किती गरम आहे ते बघायची, मग चिमूट तोंडात टाकायची, आणि बाजरीचा अंश लागला नाही की मान डोलवायची. तेवढी शाबासकी पुरायची.

रेशनचा नंबर मात्र कठीण होता. 1972 च्या दुष्काळाची आठवण असलेल्या घरांत 'मिलो' हा शब्द आजही निघतो. परदेशातून आलेली ती लालसर ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशात अडकायची, पण तीही नंबर लावूनच मिळायची. साखर आली, पामतेल आलं, रॉकेलची गाडी आली, अशी बातमी जिन्यावरून धावत यायची आणि हातातली पोळी तव्यावर टाकून बायका निघायच्या. याच रांगांमधल्या बायका मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकरांच्या हाकेला लाटणी हातात घेऊन मुंबईच्या रस्त्यांवर उतरल्या. महागाईविरोधी लढ्याचा इतिहास सांगताना सभांचा उल्लेख होतो, पण त्या बायकांची एकमेकींशी पहिली ओळख दुकानापुढच्या रांगेत झाली होती. ताटकळणाऱ्या बाईला शेजारणीच्या घरात काय शिजतं आणि काय शिजत नाही हे नेमकं कळत असे.

पुढे गॅस आला. मुंबईत बर्माशेलचा 'बर्शेन' 1955 च्या सुमारास आला होता, पण मध्यमवर्गीय घरांतून शेगडी आणि स्टोव्ह हटायला पुढची दोन-तीन दशकं गेली. आधी जोडणीसाठी नंबर, तो वर्षानुवर्षं. मग जोडणी मिळाली की प्रत्येक सिलिंडरसाठी पुन्हा नंबर. घरात सिलिंडर एकच. आईनं कालनिर्णयाच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहिलेलं असे, 'गॅस लावला'. आणखी काही चौकोनांनंतर, 'गॅस आला'. 1973 पासून घराघरांत लागलेल्या त्या दिनदर्शिकेवर एकादशी आणि चतुर्थीच्या शेजारी असे कितीतरी नंबर नोंदलेले असत: दुधाचे खाडे, इस्त्रीचे कपडे, रेशनची तारीख, डॉक्टरांनी पुन्हा बोलावलेला दिवस. जुनी कालनिर्णयं कुणी जपून ठेवली असतील, तर त्या घराचा सगळा संसार त्यांत वाचता येईल. 'लावला' आणि 'आला' यांच्या मध्येच गॅस संपला, तर पाहुण्यांसमोर स्टोव्हला पिन करत बसलेली आई आठवते. नाहीतर शेजारच्या वहिनी आपला भरलेला सिलिंडर देऊन म्हणायच्या, "तुमचा नंबर लागला की द्या." कागद नाही, पावती नाही. 14.2 किलो गॅस नुसत्या शब्दावर या दारातून त्या दारात जायचा.

वडिलांच्या नंबरांचा पल्ला मोठा होता. स्कूटरचा नंबर लावणं हा घराच्या इतिहासातला दिवस असे. चेतक 1972 मध्ये आली, आकुर्डीच्या कारखान्यातून निघायला लागली, पण किती गाड्या बनवायच्या तेही सरकारी परवान्यावर ठरत असल्यानं मागणी आणि उत्पादन यांचा मेळच बसेना. नंबर लावल्यापासून गाडी दारात येईपर्यंत आठ-दहा वर्षं जाणं ही सर्रास गोष्ट होती. धाकटा शाळेत असताना लावलेला नंबर तो कॉलेजात गेल्यावर लागायचा. मधल्या काळात मोठीचं लग्न निघायचं आणि घरात प्रश्न उभा राहायचा, नंबर ठेवायचा की विकायचा. हो, नंबर विकला जायचा. हातात गाडी नसताना, नुसता गाडीचा हक्क चांगल्या किमतीला जायचा. मुलीच्या लग्नासाठी ज्यांनी स्कूटरचा नंबर विकला आणि नंतरही आयुष्यभर बसनंच कामावर गेले, अशा वडिलांबद्दल कुठे काही लिहिलेलं सापडत नाही. म्हणून इथे लिहितो.

टेलिफोनचंही तेच. पण तिथे एक फार सुंदर सोय होती, पी.पी. नंबर. स्वतःचा फोन नसलेला माणूस लग्नपत्रिकेवर, अर्जावर, दुकानाच्या पाटीवर शेजाऱ्याचा नंबर छापायचा आणि पुढे कंसात पी.पी. लिहायचा. शेजाऱ्यांनी त्याला कधी हरकत घेतली नाही. रात्री अकराला ट्रंककॉल आला तरी त्यांचा मुलगा चप्पल न घालता जिना उतरून यायचा, "काका, सोलापूरहून फोन आहे." मग अंगात शर्ट चढवत काका पुढे, काकू मागे. त्या वेळी फोन म्हणजे नोकरी लागली, बाळ झालं किंवा कुणीतरी गेलं. शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये उभं राहून, त्यांच्या सगळ्या घरासमोर आपण जन्ममृत्यूच्या बातम्या ऐकल्या आहेत. फोन ठेवल्यावर आधी पाण्याचा पेला त्या घरानं पुढे केला, विचारपूस नंतर. पुढे आपल्याकडे फोन आला, मग मोबाइल आले. ते लहान मुलांचे पाय आणि तो पाण्याचा पेला यांची भरपाई मात्र झालेली नाही, असं मला मनापासून वाटतं.

मुलांना स्वतःचे नंबर होतेच. वर्गात कितवा नंबर, हा पाहुण्यांचा पहिला प्रश्न. बोर्डाच्या परीक्षेत मात्र त्याचा अर्थ बदलायचा. "तुझा नंबर कुठं आलाय?" म्हणजे परीक्षेला कुठल्या शाळेत बसायचं. आदल्या संध्याकाळी वडील सायकलवर बसवून नंबर दाखवायला नेत. बाकावर खडूनं लिहिलेला तो आकडा बघून, खिडकी जवळ आहे, बाक हलत नाही, एवढी खात्री करून परत यायचं. निकालानंतर पुन्हा वेगळा अर्थ: इंजिनिअरिंगला नंबर लागला, मेडिकलला थोडक्यात हुकला. मुलींना आणखी एक नंबर चिकटायचा, चष्म्याचा. तो वाढला की घरातले मोठे गप्प होत, कारण स्थळं बघताना तो विचारला जायचा. त्या गप्प होण्यामुळे किती जणींनी फळा दिसत नसताना दिसतो म्हणून सांगितलं असेल! आणि मग लग्नाचा नंबर. थोरलीचं ठरेना म्हणून धाकटीचा नंबर अडलेला. दोघींना एकमेकींसमोर अपराधी वाटायचं, आणि दोष दोघींचाही नसायचा.

दोन नंबरचा पैसा, अगदी एक नंबर, नंबरी माणूस, हे बाहेरून कानावर पडायचं. 1969 मध्ये राज्याची लॉटरी सुरू झाल्यावर सकाळच्या पेपरातला आकड्यांचा तक्ता चष्मा लावून तपासणारे आजोबाही आले. तेच आजोबा बरोबरीचा कुणी गेला की शांतपणे म्हणत, "आता आमचा नंबर." घरातले त्यांना दटावत. त्यांच्या आवाजात भीती नसे. आयुष्यभर रांगेत उभं राहिलेल्या माणसाला पुढचं कोण आणि मागचं कोण हे ठाऊक असतं.

गिरणगावातला नंबर मात्र अजून जिवंत आहे, आणि तो बोचतो. बदली कामगार रोज पाळीच्या वेळेला गिरणीच्या दारात जाऊन उभा राहायचा. कायम कामगारांपैकी कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी याचा नंबर. लागला तर त्या दिवसाची मजुरी, नाही लागला तर डबा तसाच परत. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि अनेकांच्या बाबतीत तो कधी संपलाच नाही. गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. कामगारांच्या वाट्याला आली घरांची सोडत. म्हाडाच्या सोडतीत नंबर लागावा म्हणून अर्ज केलेले किती कामगार वाट बघत गेले, आता त्यांची मुलं कागदपत्रं घेऊन फिरताहेत. ज्यांच्या वडिलांनी दारात उभं राहून एकेका दिवसाचं काम मिळवलं, त्या मुलांना वडिलांच्या कामाचा पुरावा मागितला जातो. हा नंबर लवकर लागला पाहिजे. यात दुसरं मत असू शकत नाही.

या सगळ्याचा विचार करताना एक गोष्ट फार उशिरा माझ्या ध्यानात आली. नळावर आई उभी होती, रेशनच्या रांगेत आई, रॉकेलला आई, दवाखान्यात आई. गॅसचा नंबर लावला ते तिनंच लिहून ठेवलं. पण रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख वडील. गॅसचं पुस्तक वडिलांच्या नावावर. टेलिफोनच्या डिरेक्टरीत नाव वडिलांचं, स्कूटरच्या कागदांवरही तेच. तिनं धरून ठेवलेल्या शेकडो नंबरांपैकी एकही तिच्या नावावर नव्हता. वडील काही वाईट नव्हते. फॉर्मवर तसा रकाना होता आणि तो तसाच भरायचा असतो असं दोघांनीही धरून चाललं होतं.

2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानं घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री ही रेशनकार्डासाठी कुटुंबप्रमुख ठरवली. 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली आणि गरीब घरांतल्या गॅसजोडण्या बाईच्या नावानं मिळू लागल्या. हे व्हायलाच हवं होतं, चांगलं झालं. आपल्या आयांपैकी ज्या अजून आहेत, त्यांचं नाव कार्डावर पहिल्या ओळीत आहे ना, हे एकदा कार्ड काढून बघावं. नसेल तर अर्ज करावा, आणि त्या अर्जासाठी जी काही रांग असेल तिथे आपण जाऊन उभं राहावं.