कोल्ह्याला हाक मारण्याआधी...

गेल्या आठवड्यात एकच रील मला आठ-नऊ जणांनी पाठवलं. लालबागच्या आमच्या चाळीतल्या दोघांनी, दादरच्या मावसबहिणीने, गिरगावातल्या जुन्या शाळासोबत्याने. खाडीच्या कडेला तिवरांजवळ तीन-चार पोरं उभी, हातात ब्लूटूथ स्पीकर, त्यावर कोल्हेकुई लावलेली. थोड्या वेळाने झुडपातून खराखुरा कोल्हा बाहेर येतो, थबकतो, बघतो. पोरं खूश. वर लिहिलंय, 'मुंबईचा कोल्हा भेटायला आला'. खाली बदामांचा पाऊस.

प्रत्येकाचा प्रश्न एकच, 'तू रविवारी दुर्बीण घेऊन फिरतोस ना, हे खरं आहे का रे?' कोल्हा खरा आहे. चेंबूर-ट्रॉम्बे, मानखुर्द, विक्रोळी, पलीकडे नवी मुंबई, इथल्या तिवरांमध्ये सोनेरी कोल्हे राहतात. पण 'भेटायला आला' हे खोटं आहे. आणि ते खोटं कोल्ह्याला आणि आपल्यालाही महागात पडणारं आहे, म्हणून हे जरा लांब लिहितोय. वाचा.

कोल्हा जोडीने राहतो. नर-मादी मिळून एक हद्द सांभाळतात, पिल्लं वाढवतात. संध्याकाळी एकाने सूर लावला की घरचे बाकीचे त्यात मिसळतात आणि शेजारच्या हद्दीतली जोडी उत्तर देते. 'आम्ही इथे आहोत, तुम्ही तिथेच थांबा' असा तो निरोप. आता त्याच हद्दीच्या मधोमध स्पीकरवर अनोळखी कोल्हा ओरडला, तर घरमालक काय समजणार? कोणीतरी घरात घुसलंय! तो धावत येतो तो भांडायला किंवा घुसखोर कोण ते तपासायला. आपल्या चाळीत रात्री दोन वाजता कोणी दार वाजवलं, तर आपण उठून जातो. ते काय पाहुणचारासाठी?

अमेरिकेत कोयोट म्हणून आपल्या कोल्ह्याचा चुलतभाऊ आहे. तिथले शिकारी हेच तंत्र वापरून त्याला मारतात. जखमी सशाची किंकाळी वाजवली की भुकेला कोयोट येतो. पिल्लाचं केकाटणं वाजवलं की आई-बाप येतात. विणीच्या हंगामात परक्या कोयोटची आरोळी वाजवली की हद्दीचा मालक येतो. समोर हलणारं केसाळ शेपूट किंवा खोटा ससा ठेवतात, म्हणजे त्याची नजर तिथे खिळते आणि बंदूकवाल्याकडे जात नाही. कोयोटही कच्चा नाही. तो बरेचदा सरळ न येता वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो, कारण कान फसले तरी नाक सहसा फसत नाही. आणि एकदा फसून वाचलेला कोयोट त्या आवाजाला पुन्हा सहज येत नाही, असा तिथल्या शिकाऱ्यांचाच अनुभव.

म्हणजे बघा, भूक, पिल्लं आणि घर या तीन गोष्टींवर हे सगळं चालतं. रीलवाला पोरगा गोळी घालत नाही हे मान्य. पण बोट त्याच दुखऱ्या जागेवर ठेवतो. 'लांडगा आला रे आला' आपण शाळेत शिकलो. त्यात खोट्या हाकेला कंटाळून गाव यायचं थांबलं. इथे खोटं आपण बोलायचं, आणि खऱ्या हाकेवरचा विश्वास उडायचा तो कोल्ह्याचा.

हे तंत्र आपल्याकडेही जुनं आहे. तामिळनाडूतल्या नरीकुरवांच्या नावातच 'नरी' म्हणजे कोल्हा आहे. आपले फासेपारधी पाळलेला तितर पिंजऱ्यात घालून माळावर ठेवायचे, भोवती फासे मांडायचे. पिंजऱ्यातला ओरडला की त्या जागेचा नर तितर तावातावाने भांडायला यायचा आणि पाय अडकायचा. वाशीमकडे एका पारधीबाबांनी मला नुसत्या तोंडाने तितराचा आवाज काढून दाखवला होता. दोन मिनिटांत झुडपामागून उत्तर आलं. बाबा तिथेच थांबले. मी म्हटलं, अजून एकदा करा ना. त्यांनी मान हलवली. काम नसताना उगाच बोलवायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

या विद्येचं सोनंही झालंय. गिरगावकरांनो, डॉ. सलीम अली तुमच्या खेतवाडीतले. त्यांच्या बीएनएचएसने पक्ष्यांच्या पायात कड्या घालून स्थलांतराचा अभ्यास केला, तेव्हा पक्षी इजा न होता पकडायला बिहारचे पारंपरिक पक्षी पकडणारे मीरशिकार, अली हुसेन यांच्यासारखे, सोबत होते. युरोपात अभ्यासक कोल्हेकुई वाजवून, उत्तरं मोजून कोल्ह्यांची गणती करतात. पण मोजक्या जागी, मोजका वेळ, नोंद झाली की बंद. लाइक मिळेपर्यंत नाही!

आता मुद्द्याचं. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मध्ये 'शिकार' म्हणजे फक्त मारणं नाही. पकडणं, फासे लावणं, हाकारणं, आमिष दाखवणं आणि तसा प्रयत्न करणं हेही शिकारीतच येतं. या कायद्याचा धाक माळावरच्या पारध्याला रोज असतो. इंग्रजांच्या काळात गुन्हेगार जमात म्हणून बसलेला शिक्का 31 ऑगस्ट 1952 ला कागदावरून पुसला, पण कुठे काही झालं की संशय आधी त्याच्या पालावर. आणि आपला पांढरपेशा हौशी माणूस खाडीवर चिकनचे तुकडे टाकून, स्पीकर लावून कोल्हा बोलावतो, तो 'वन्यजीवप्रेमी'? एकाने पोटासाठी केलं तर गुन्हा, दुसऱ्याने फॉलोअर्ससाठी केलं तर छंद? मला हे पटत नाही.

बरं, धोका आपल्यालाही आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये चेंबूर-ट्रॉम्बे भागातल्या कोल्ह्यांमध्ये रेबीज आढळला, बातम्या आठवत असतील. खाडीच्या कडेला भटकी कुत्री आहेत. कोल्ह्याला तिवरांतून बाहेर काढायचं म्हणजे त्याला कुत्र्यांच्या तोंडी द्यायचं आणि रोग इकडून तिकडे न्यायला वाट करून द्यायची. माणसाच्या आवाजाला, खाण्याला सरावलेला कोल्हा उद्या वस्तीत शिरला, की हेच बदाम देणारे 'पकडून न्या त्याला' म्हणून ओरडणार. तेव्हा रीलवाला सापडणार नाही, कोल्हा सापडेल.

म्हणून हात जोडून विनंती. कोल्हा, घुबड, नवरंग, कोणालाही मोबाइलवर आवाज लावून बोलावू नका. खायला टाकू नका. ग्रुपवर असं रील आलं तर जागेचं नाव पुढे पाठवू नका. जखमी किंवा वेडावाकडा वागणारा प्राणी दिसला तर लांब राहा आणि वनविभागाच्या 1926 वर फोन करा. चावा किंवा ओरखडा झाला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी महापालिकेचं रुग्णालय गाठा. हळद-चुना काही लावू नका.

आणि कोल्हा बघायचाच असेल तर दिवस मावळताना खाडीच्या या बाजूला गप्प बसा. दिसला तर दिसला. नाही दिसला तरी कधी कधी पलीकडून कोल्हेकुई ऐकू येते, आपण न बोलावता. गिरण्यांचे भोंगे थांबलेल्या या शहरात असा एक जुना आवाज अजून शिल्लक आहे, तो त्यांचा त्यांच्यापाशी राहू द्या.

पटलं तर सोसायटीच्या, मंडळाच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली लिहा, भांडू. पण स्पीकर घरी ठेवा.