सुरसागराकाठचे गवई

गेल्या श्रावणात आमची मुलगी कॅनडास निघाली, तेव्हा तिचा तंबोरा घरीच राहिला. “तिकडे ऐकणार कोण?” एवढेच ती म्हणाली. आम्हांस उत्तर सुचले नाही. पुढे एका सायंकाळी सुरसागराच्या काठाने जाताना संगीत महाविद्यालयातून तबल्याचे बोल कानी आले आणि मनात आले, हा प्रश्न आपल्या वडोदऱ्याच्या गवयांपुढे पूर्वीच उभा राहून गेला आहे.

हे महाविद्यालय ज्या गायनशाळेतून वाढले, ती मौलाबक्ष यांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली काढली. त्यांचे नातू इनायत खाँ तेथेच शिकले व शिकवूही लागले. वीणा त्यांचे वाद्य. १३ सप्टेंबर १९१० रोजी ते बंधू महेबूब खाँ व आप्त महंमद अली खाँ यांसह अमेरिकेस निघाले. धाकटे मुशर्रफ खाँ मागाहून त्यांस मिळाले. हिंदुस्थानचे शाही गवई म्हणून ही मंडळी ओळखली जाऊ लागली. १९११ मध्ये रूथ सेंट डेनिस या नर्तकीच्या दौऱ्यात त्यांनी साथ केली. पुढे लंडन, पॅरिस, आणि १९१३ मध्ये मॉस्को. परंतु नृत्य पाहावयास जमलेल्या प्रेक्षकांत रागाची ओळख असलेला श्रोता कितीसा असणार?

इनायत खाँनी हळूहळू वीणा बाजूस ठेवली आणि ते सूफी मार्गाचे उपदेशक झाले. १९२७ साली दिल्लीस त्यांचे निधन झाले. उरलेल्यांनी मात्र युरोपातच राहून गाणे जपले. महेबूब खाँनी तेथे नव्या चालीही बांधल्या. जाणकार श्रोता आयता मिळाला नाही, म्हणून त्यांनी गळा मिटला नाही.

गायकवाडांच्या पाठोपाठ आमचे पूर्वज गुजरातेत आले, तेव्हा त्यांची मराठी तरी घराबाहेर कोण ऐकत होते? त्यांनी ती माजघरात बोलत ठेवली, म्हणूनच हे मासिक आज आपल्या हाती आहे.

दिवाळीनंतर आम्ही तंबोरा पाठविला. मागल्या रविवारी मुलीने दूरध्वनीवर तो छेडून ऐकविला. प्रवासात जवारी बिघडली होती, हे आमच्या कानांस तत्काळ कळले; पण आम्ही ते बोललो नाही. “पुन्हा वाजव,” एवढेच म्हणालो.