चौलचा मणी

चौलला आत्याच्या वाडीत मे महिन्यातही ऊन जमिनीपर्यंत पोचत नसे. वर नारळ, त्यांच्या खाली पोफळी, पोफळींना बिलगून चढलेले मिरीचे वेल आणि अगदी तळाशी केळी. एवढ्यांतून गळत गळत खाली येईपर्यंत उन्हाचं हिरवट पाणी झालेलं असे. त्या उजेडात झोपाळ्यावर पालथी पडून, अकराव्या वर्षी, मी एक पुस्तक वाचलं. त्याला मुखपृष्ठ नव्हतं. पहिली पानं वाळवीनं नेली होती, त्यामुळं लेखक कोण, मूळ कुठल्या भाषेतलं, काही कळायला मार्ग नव्हता. तीन साहेब आणि त्यांचा एक उंचापुरा आफ्रिकी सोबती पाण्यावाचून वाळवंट तुडवतात, दोन बर्फाळ शिखरांच्या पलीकडे उतरतात, तो समोर दगडात खोदलेला रुंद राजरस्ता. त्या मुलखात राहणाऱ्या कुणीच तो बांधलेला नसतो. बांधणारे कुणी वेगळेच, फार पूर्वी येऊन गेलेले. रस्त्याच्या शेवटी डोंगराच्या पोटात हिऱ्यांची कोठी. तिथवर पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती, आणि आत्यानं दोनदा हाक मारलेली मला ऐकूच आली नव्हती.

त्याच सुट्टीत मला पहिला मणी सापडला. गडी पोफळींची आळी खणत होता. कुदळीच्या ढेकळात काहीतरी विटकरी रंगाचं चमकलं. ज्वारीच्या दाण्याएवढा काचेचा मणी, मधून आरपार भोक. थुंकीनं पुसून मी आत्याकडे पळाले.

"असे निघतात," ती म्हणाली. तिच्या हातातली सुपारी सोलायची थांबली नाही. "शहर होतं गं इथं. मोठं बंदर. आपण त्याच्या डोक्यावर राहतो."

"कुणी बांधलं होतं?"

"कुणी म्हणजे? इथल्याच माणसांनी."

ते उत्तर मला मुळीच आवडलं नाही. इथली माणसं म्हणजे कोण? आत्या? आळी खणणारा गडी? रेवदंड्याच्या बाजारात मासे विकणाऱ्या बाया? शहर बांधणारे निराळे असणार, कुठून तरी लांबून आलेले आणि एके दिवशी नाहीसे झालेले. पुस्तकानं मला असंच शिकवलं होतं. मी तो मणी बामच्या रिकाम्या बाटलीत ठेवला आणि दर सुट्टीत तिच्यात भर घालत गेले.

पुस्तक हेन्री रायडर हॅगार्डचं 'किंग सॉलोमन्स माइन्स' होतं, हे कॉलेजात गेल्यावर कळलं. हॅगार्ड एकोणीस वर्षांचा असताना, १८७५ साली, नाताळच्या गव्हर्नरच्या पदरी दक्षिण आफ्रिकेत गेला. परतल्यावर भावाशी त्याची पाच शिलिंगांची पैज लागली. 'ट्रेझर आयलंड'च्या निम्म्यानं तरी चांगलं पुस्तक लिहून दाखव, अशी. काही आठवड्यांत त्यानं ते हातावेगळं केलं. सप्टेंबर १८८५मध्ये प्रकाशकांनी रातोरात लंडनभर जाहिराती चिकटवल्या आणि पहिल्या वर्षात एकतीस हजार प्रती गेल्या. त्याच वर्षाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये युरोपातल्या सत्तांची आफ्रिकेविषयीची परिषद संपली होती. नकाशावरच्या कोऱ्या जागांवर एका टेबलाशी हक्क सांगितले जात होते आणि दुसऱ्या टेबलाशी त्याच कोऱ्या जागांत नगरं वसवली जात होती.

या पुस्तकातला नकाशा मला अजूनही सोडत नाही. १५९० साली एक पोर्तुगीज माणूस गुहेत उपासानं आणि थंडीनं मरतो आहे. मरता मरता तो अंगावरच्या कपड्याची चिंधी फाडतो, हाडाची कपची टाक म्हणून घेतो आणि स्वतःच्या रक्तानं वाट काढून ठेवतो. तीनशे वर्षांनी ती चिंधी गोष्ट सांगणाऱ्या क्वाटरमेनच्या, म्हणजे तीन साहेबांतल्या एकाच्या, हाती येते. त्याच्याआधी कुणीतरी जाऊन आलं आहे आणि पुराव्यादाखल आपलं रक्त ठेवून गेलं आहे. अकरा वर्षांच्या मुलीला एवढं पुरेसं होतं. वास्तविक पुस्तक तिच्यासाठी नव्हतंच. ते लहानमोठ्या सगळ्या मुलग्यांना अर्पण केलेलं आहे. पण अर्पणपत्रिकेचं पान वाळवीनं खाल्लं होतं, म्हणून मला कुणी अडवलं नाही.

आणि मग ग्रेट झिम्बाब्वे.

१८७१च्या सप्टेंबरात कार्ल माउख नावाचा जर्मन भूगर्भशास्त्रज्ञ आजच्या झिम्बाब्वे देशातल्या एका दगडी नगरापाशी पोचला. गवतात आणि वेलींत बुडालेल्या उंच भिंती. एका दाराच्या तुळईची कपची काढून त्यानं ती आपल्या पेन्सिलीच्या लाकडाशी ताडून पाहिली. रंग तोच, वास तोच. म्हणजे हा देवदार, लेबनॉनचा. लेबनॉनहून लाकूड आणणारे फिनिशियन, म्हणून हा सॉलोमन राजाच्या भेटीला गेलेल्या शेबाच्या राणीचा राजवाडा. आफ्रिकेतल्या एका अख्ख्या नगराची मालकी पेन्सिलीच्या तुकड्यावर ठरली. लाकूड तिथल्याच रानातलं होतं.

हॅगार्डनं हे नगर पाहून कादंबरी लिहिली नाही. असल्या नगरांच्या वार्ता त्याच्या कानावर आलेल्या असतील, एवढंच. परंतु कादंबरी निघाल्यावर माणसं ती मनात घेऊनच आफ्रिकेत उतरू लागली. १८९०मध्ये सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीनं तो मुलूख घेतला. १८९१मध्ये थिओडोर बेंट ऱ्होड्सच्या पाठबळानं तिथं खणायला गेला आणि बांधणारे उत्तरेकडून आलेले परके, असं सांगून परतला. १८९५मध्ये तर जुन्या अवशेषांतलं सोनं काढण्यासाठी रीतसर कंपनी निघाली. कबरींतले दागिने वितळवले गेले. १९०० साली खुद्द हॅगार्डनं 'एलिसा' ही कादंबरी छापली. तिच्यात झिम्बाब्वे फिनिशियनांचं शहर आहे. ऐकीव वार्तेची गोष्ट झाली होती, गोष्टीचा पुरावा झाला आणि पुराव्याची पुन्हा गोष्ट.

सगळ्यात मोठं नुकसान केलं रिचर्ड हॉलनं. त्याला १९०२मध्ये या अवशेषांची देखभाल करायला नेमलं होतं. वरच्या थरात त्याला काय मिळालं? मातीच्या घरांच्या जमिनी, खापरं, चुली. त्याच्या लेखी ही मागाहून आलेल्या काळ्या माणसांची घाण होती आणि खरं प्राचीन नगर तिच्याखाली दडलेलं होतं. म्हणून त्यानं कित्येक फूट थर उपसून फेकून दिले. फेकलं तेच नगर होतं. तिथं राहणाऱ्यांच्या चुली त्यानं त्या राहणाऱ्यांच्याच शोधात नाहीशा केल्या. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. बामची बाटली माझ्या टेबलावर होती.

१९०५मध्ये पुरातत्त्वज्ञ रँडल-मॅकायव्हरनं उरलेल्या थरांत हात घातला आणि हे काम आफ्रिकी माणसांचं व मध्ययुगातलं आहे असं सांगितलं. गोऱ्या वसाहतवाल्यांना ते मानवलं नाही. पुन्हा चौकशी हवी म्हणून १९२९ साली गर्ट्रूड केटन-थॉम्पसन गेली. तिच्याबरोबर दोघीजणी होत्या, त्यांतली एक कॅथलीन केन्यन, जिनं पुढं जेरिको उकरलं. ज्या पुस्तकानं मुलींना हिशेबात धरलं नव्हतं, त्यातल्या स्वप्नाचा हिशेब तीन बायकांनी केला. कुणाचे हात लागले नव्हते अशा जागा केटन-थॉम्पसननं शोधल्या आणि थर न् थर नोंदत खाली गेली. मणी, खापरं, परदेशी चिनी मातीचे तुकडे कुठल्या जमिनीखाली आणि कुठल्या जमिनीवर होते, एवढंच तिनं विचारलं. उत्तर मॅकायव्हरचंच आलं. तरीही १९६५नंतरच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, मूठभर गोऱ्यांचं सरकार होतं, आणि हे उत्तर मार्गदर्शक पुस्तिकांत छापणंही त्याला चालत नव्हतं. तिथल्या स्मारकांचा निरीक्षक पीटर गार्लेक यानं १९७०मध्ये देश सोडला.

खरी गोष्ट कादंबरीपेक्षा कितीतरी सुंदर आहे. तिथल्या ग्रॅनाइटच्या टेकड्या दिवसा उन्हानं तापतात आणि रात्री निवतात, की कांद्याच्या पापुद्र्यासारखे दगडाचे थर आपोआप सुटतात. शोना लोकांच्या पूर्वजांनी ही टेकडीची सवय हेरली. थरांवर जाळ करायचा, दगड तडकवायचा आणि विटांएवढे तुकडे करून चुन्याशिवाय रचायचे. अकराव्यापासून पंधराव्या शतकापर्यंत ते रचतच गेले. मोठ्या वाड्याच्या बाहेरच्या भिंतीचा घेर सुमारे अडीचशे मीटर, उंची कुठं कुठं अकरा मीटर. आणि त्या भिंतीला कोपरा म्हणून नाही. मोठा धोंडा आडवा आला तर भिंत वळसा घेते किंवा त्यालाच पोटात घेते. नदीच्या काठानं चालावं तशी ती चालते. आत मातीची गोल घरं, गुरं, लोखंडाच्या भट्ट्या. बाहेर सोफालाच्या बंदराकडे जाणारं सोनं आणि हस्तिदंत. त्याच्या मोबदल्यात समुद्रावरून कापड आणि हजारो काचेचे मणी येत.

ते मणी बव्हंशी हिंदी महासागराच्या या बाजूनं गेलेले. चौलला पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी उत्खनन केलं. तिथले मणी आणि केनियाच्या किनाऱ्यावरच्या जुन्या वस्त्यांत मिळालेले मणी पुढं प्रयोगशाळेत शेजारी शेजारी तपासले गेले, तर काचेची घडण जुळली. टॉलेमीला ठाऊक असलेलं, दहाव्या शतकात अल मसूदीनं पाहिलेलं, १४६९च्या सुमारास रशियाहून आलेला निकितिन जिथं हिंदुस्थानच्या मातीवर पहिल्यांदा उतरला ते हे चौल. परके इथं आले, राहिले. समोर कोर्लईला अजून पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. पण लहानपणी जे मणी परक्यांनी इथं सांडले असं मला वाटे, तसलेच मणी इथूनच निघून शिडाच्या गलबतांतून आफ्रिकेकडे गेले होते. आफ्रिकेतल्या कुणा मुलीच्या गळ्यात माझ्या आळ्यातल्या मण्याचा भाऊ असेल. या विचारानं मला जे होतं ते हिऱ्यांच्या कोठीनंही झालं नव्हतं.

कादंबरीनं एकट्या आफ्रिकेतच वाट चुकवली असं नाही. इंग्रज शोधप्रवासी पर्सी फॉसेट १९२५मध्ये ब्राझीलच्या रानात 'झेड' नावाच्या नगराच्या शोधात गेला आणि परतला नाही. त्याच्यापाशी काळ्या दगडाची सुमारे दहा इंचांची एक मूर्ती होती. ती त्याला दिली होती हॅगार्डनंच. फॉसेटच्या डोळ्यांसमोर दगडी कमानी होत्या. शिंगू नदीच्या खोऱ्यात खरोखरच मोठ्या वस्त्या होत्या, खंदक, चौक आणि सरळ रुंद रस्ते असलेल्या, पण सगळ्या मातीच्या आणि लाकडाच्या. कुइकुरो लोक त्यांच्याच अंगाखांद्यावर राहत होते. मायकेल हेकनबर्गरनं २००३मध्ये त्यांच्यावर शोधनिबंध छापला, तेव्हा लेखकांच्या नावांत अफुकाका कुइकुरो हेही नाव आलं. मला ते नाव पानावर पाहून आत्याचं उत्तर आठवलं. "कुणी म्हणजे?"

मी हॅगार्डला कपाटातून काढून टाकलेलं नाही. गेल्या वर्षी तो पुन्हा वाचला, तेव्हा शेवटाकडे एक जागा भेटली जी लहानपणी मी ओलांडून गेले होते. तो उंचापुरा सोबती, अर्ध्या पुस्तकभर ओझी वाहणारा, त्या देशाचा हक्काचा राजा निघतो. साहेबांना निरोप देताना तो बजावतो, की यापुढं गोऱ्या माणसाला हे डोंगर ओलांडू देणार नाही. त्यांच्या बंदुका नकोत आणि दारूही नको. पुस्तकातलं सगळ्यात खरं वाक्य हॅगार्डनं त्याच्या तोंडी घातलं आहे. ज्यांनी हे पुस्तक खिशात घालून आफ्रिका गाठली, त्यांनी ते पान वाचलं नव्हतं का?

आत्या गेली त्याला बारा वर्षं झाली. वाडी चुलतभावाकडे आहे, आळी अजून खणली जातात. माझ्या बाटलीत एकेचाळीस मणी आहेत. ती घेऊन मी एका अभ्यासकांकडे गेले होते. त्यांनी बाटली उजेडात धरली, छान आहेत म्हणाले आणि मग हळूच विचारलं, "कुठला कुठं मिळाला, किती खोल, बरोबर काय होतं, काही लिहून ठेवलंय?" काही नव्हतं. हॉलनं फावड्यानं केलं ते मी चिमटीनं केलं होतं. एकेचाळीस मणी आणि त्यांतला एकही आता आपलं घर सांगू शकत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. चौलला जाल, रामेश्वराच्या पुष्करणीवर बसाल, वाड्यांमधल्या पायवाटेनं हिंडाल. पाऊस पडून गेल्यावर मातीत विटकरी रंगाचं काही चमकेल. उचलू नका. फोटो काढा, जागा नीट लिहून ठेवा, पुरातत्त्व खात्याला किंवा डेक्कन कॉलेजला कळवा. आणि वाडीत जे कुणी सुपारी सोलत बसलेलं असेल, त्यांना विचारा इथं काय होतं म्हणून.