काठमांडूस तीन दिवस

देशाटनाने मनुष्य शहाणा होतो, असे आपण वडीलधाऱ्यांच्या तोंडून नेहमी ऐकतो. परंतु ते शहाणपण पुष्कळदा बंद पडलेल्या गाडीच्या मागे, काळोखात घाट चढताना पदरी पडते, हे आम्हांस सन २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत कळून आले. आमच्या शाळेतील बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षक अशी चौदा जणांची टोळी त्या सुट्टीत नेपाळच्या राजधानीस, म्हणजे काठमांडू शहरास, जाऊन आली. त्या प्रवासाची हकीकत आमच्या बंधूंस व त्यांच्या पालकांस सादर करावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

बेत पावसाळ्यातच ठरला होता. परंतु निघण्यास पाच दिवस उरले असता, ३ नोव्हेंबर रोजी मध्यरात्रीच्या सुमारास पश्चिम नेपाळातील जाजरकोट जिल्ह्यात भूकंप झाला आणि दीडशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. मग काय विचारता! दुसऱ्याच दिवशी शाळेत पालकांची सभा भरली. आमच्या मातोश्रींच्या हरकती दोन होत्या : एक भूकंपाची, व दुसरी ऐन दिवाळीत मुले परमुलखात राहणार याची. "भाऊबीजेला ताटापुढे कोण बसेल?" हा प्रश्न एकीने विचारला, तेव्हा सभेत कोणासच उत्तर सुचेना. अखेर हेडमास्तरांनी नकाशा पसरून जाजरकोट राजधानीपासून किती दूर पश्चिमेस आहे ते दाखविले, काठमांडूहून आलेला खुशालीचा निरोप वाचला, आणि शेवटी एकच अट घातली : "चौदा जाणार आहेत, चौदाच परत आले पाहिजेत."

ही अट पाळण्यासाठी शिक्षकांनी एक युक्ती काढली. आम्हां बारा जणांस एक ते बारा क्रमांक दिले. 'गणती' असा शब्द कानी पडताच प्रत्येकाने आपला क्रमांक मोठ्याने उच्चारावयाचा. मुलांनी मोबाइल जवळ बाळगावयाचा नाही; त्याऐवजी उतारगृहाचा पत्ता देवनागरीत लिहिलेले कार्ड गळ्यात घालावयाचे. कोणी चुकलाच तर त्याने इकडेतिकडे न धावता, जेथे शेवटची गणती झाली तेथे परत जाऊन उभे राहावयाचे. पहिल्या दिवशी या कवाइतीचे आम्हांस हसू येई. पुढे ते हसू मावळले.

सुट्टी लागली त्याच रात्री मुंबईहून निघून, आगगाडीत दोन रात्री काढून, शुक्रवारी सकाळी आम्ही बिहारातील रक्सौल स्टेशनावर उतरलो. तेथून सरहद्दीपलीकडील वीरगंजला जाण्यास आम्हांस टांगे मिळाले. टांग्यात बसून परराष्ट्रात प्रवेश करावा ही मौज काही औरच! कमान ओलांडताच आमच्या शिक्षकांनी घड्याळाचा काटा पंधरा मिनिटे पुढे सरकविला. कारण नेपाळची वेळ आपल्याहून तेवढीच पुढे असते. आपल्या शंभर रुपयांचे तेथे एकशे साठ झाले, तेव्हा तर आम्ही क्षणात श्रीमंत झालो. परंतु खरे नवल पुढेच होते. नेपाळी भाषेची लिपी आपलीच देवनागरी. परदेशात पाऊल ठेवताच पाट्या घडाघडा वाचता याव्यात, पण अर्थ मात्र हुलकावणी द्यावा, अशी ती गंमत. 'पसल' म्हणजे दुकान. 'बाटो' म्हणजे आपली वाट, हे लगेच उमगले. परंतु 'मासु पसल' वाचून मासळीची आशा धरलेल्या आमच्या कोकणी मित्राची निराशा झाली, कारण मासु म्हणजे मांस!

वीरगंजहून दोन जीपा करून आम्ही हेटौडामार्गे भीमफेदीच्या जुन्या वाटेने निघालो. या वाटेस मोठा इतिहास आहे. सन १९५६ मध्ये त्रिभुवन राजपथ खुला होईपर्यंत काठमांडूस गाडीरस्ता नव्हताच. भीमफेदीपासून पुढे डोंगर पायी ओलांडावे लागत. आणि राजधानीतील राणा सरदारांच्या मोटारी हमाल खांद्यांवर घेऊन याच डोंगरांवरून नेत असत. मोटारीने माणसास न्यावे हा जगाचा रिवाज. येथे माणसे मोटारीस नेत! ही गोष्ट शिक्षकांनी सांगितली तेव्हा आम्ही खूप हसलो. आणि अर्ध्या तासात आमच्यावरही तोच प्रसंग आला.

चिसापानी गढीच्या डोंगराची चढण लागताच मागच्या जीपचे इंजिन तापून फसफसू लागले व गाडी अडली. सूर्य मावळला होता. अमावास्या जवळ आल्यामुळे चांदणेही नव्हते. एका अंगास कडा, दुसऱ्या अंगास दरी. चालक म्हणाला, "गाडी रिकामी झाली तर चढेल." पुढच्या जीपमधील मुलांना खाली उतरण्याचे काहीच कारण नव्हते, परंतु "आपले मित्र पायी आणि आपण गाडीत, हे बरे दिसत नाही," असे म्हणून तीही उतरली. दोन विजेऱ्यांच्या उजेडात, डोंगराच्या अंगाने, हातात हात धरून आम्ही चढू लागलो. वारा बोचत होता. दर वळणावर 'गणती' होई, आणि एकापासून बारापर्यंतचे आवाज दरीत घुमत. सुमारे तासाभराने माथ्याजवळ एक चहाचे दुकान लागले. तेथील म्हाताऱ्या बाईंनी आम्हांस पाहताच विचारले, "खाना खानुभयो?" जेवलात का, एवढाच त्याचा अर्थ, पण त्या थंडीत तो प्रश्न एखाद्या मंगलवचनासारखा वाटला. चुलीपुढे बसून खाल्लेला तो डाळभात आम्ही जन्मभर विसरणार नाही. चिसापानी म्हणजे थंड पाणी. त्या गावाचे नाव किती यथार्थ आहे हे हात धुताना कळले. इंजिन निवल्यावर गाड्या पुन्हा चालू झाल्या, आणि मध्यरात्री आम्ही काठमांडूस पोहोचलो.

दुसरा दिवस शनिवार. नेपाळात आठवड्याची सुट्टी शनिवारी असते; म्हणून तेथील ख्रिस्ती मंडळ्यांची उपासनाही रविवारी न होता शनिवारी होते. आम्हीही सकाळी एका प्रार्थनामंदिरात गेलो. जोडे बाहेर काढून सर्वजण सतरंजीवर बसले होते. एका बाजूस पुरुष, दुसऱ्या बाजूस स्त्रिया. अठराव्या शतकात या खोऱ्यात कॅपुचिन पाद्री राहत. सन १७६९ मध्ये त्यांस देश सोडावा लागला, आणि सन १९५१ मध्ये जेझुइट गुरूंनी गोदावरी येथे शाळा उघडली. मधला सुमारे एकशे ऐंशी वर्षांचा काळ मिशनऱ्यांस या देशाचे दार बंदच होते.

उपासनेनंतर एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस सन २०१५ च्या महाभूकंपाची हकीकत सांगितली. त्या दिवशी, २५ एप्रिलला, शनिवारच होता आणि दुपारचे बारा वाजत आले होते. देशभर हजारो वर्गखोल्या कोसळल्या. पण सुट्टी असल्यामुळे त्या रिकाम्या होत्या, आणि असंख्य मुलांचे प्राण वाचले. त्याच वेळी प्रार्थनामंदिरे मात्र भरलेली होती, व काही ठिकाणी उपासक भिंतींखाली सापडले. सर्व मिळून सुमारे नऊ हजार माणसे त्या भूकंपात दगावली. "ज्या शनिवारने मुलांना वाचविले, त्याच शनिवारने त्यांची वडीलमाणसे नेली," असे म्हणून ते गृहस्थ स्तब्ध झाले. आम्हांस घरच्या सभेची आठवण झाली. आपल्या आयांच्या काळजीचा अर्थ त्या क्षणी आम्हांस पुरतेपणी समजला.

सायंकाळी आम्ही असन नावाच्या जुन्या बाजारात गेलो. तेथे दिवाळीस 'तिहार' म्हणतात, आणि त्याचा तो पहिला दिवस होता. झेंडूच्या व जांभळ्या मखमली फुलांच्या माळांचे ढीग, सुका मेवा, कढईतून निघणारी कंकणाकृती सेलरोटी, आणि मुंगीसही शिरकाव नाही अशी गर्दी! अन्नपूर्णेच्या देवळापाशी गणती करून आम्ही अरुंद गल्लीने इंद्रचोकाकडे निघालो. मध्येच मालाने लादलेली एक हातगाडी आमच्या रांगेत घुसली. इंद्रचोकात पोहोचून गणती झाली : "सहा, सात, आठ..." आणि पुढे शांतता.

नववा क्रमांक आमच्यातील सर्वांत धाकट्याचा. पुन्हा गणती झाली. पुन्हा आठानंतर तीच शांतता. आम्हांपैकी कित्येकांच्या तोंडचे पाणी पळाले. हेडमास्तरांचे शब्द जो तो मनात घोळवीत होता. दोघातिघांनी चारी दिशांस धावत सुटण्याचा विचार बोलून दाखविला, परंतु शिक्षकांनी कडक शब्दांत सांगितले, "कोणीही हात सोडायचा नाही. नऊ नंबर हुशार आहे. तो सांगितले तेच करील." त्यांच्या सहकाऱ्यांस इंद्रचोकात दीपस्तंभासारखे उभे करून, व आम्हांपैकी सहा जणांस सोबत घेऊन ते आल्या वाटेने परत फिरले. ती वाट किती छोटी! परंतु गर्दीतून मागे जाण्यास वीस मिनिटे लागली, आणि ती वीस वर्षांसारखी वाटली.

अन्नपूर्णेच्या देवळापाशी येऊन पाहतो तो काय! एका फुलवाल्या बाईंच्या टोपल्यांमागे आमचे नऊ नंबर महाराज सेलरोटी खात बसलेले! रांग तुटताच तो ठरल्याप्रमाणे येथे परतला होता. पाट्या वाचता येत होत्या, म्हणून देऊळ सापडण्यास अडचण पडली नाही. त्याचे डोळे भरलेले पाहून त्या बाईंनी त्यास जवळ बसविले. "डराउनु पर्दैन, भाइ," भिण्याचे कारण नाही, असे त्या त्यास सारखे म्हणत होत्या. आम्हांस पाहून तो धावणार, तोच बाईंनी त्याचा हात घट्ट धरला. गळ्यातील त्याचे कार्ड आणि आमची कार्डे ताडून पाहिली, मगच तो हात आमच्या शिक्षकांच्या हाती दिला. पैसे देऊ केले तर त्यांनी घेतले नाहीत. उलट, भाऊबीजेस नेपाळी बहिणी भावास घालतात ती मखमली फुलांची माळ त्यांनी त्याच्या गळ्यात घातली. ही फुले वाळली तरी रंग सोडीत नाहीत. मातोश्रींनी विचारलेल्या त्या प्रश्नाचे उत्तर असे असनच्या बाजारात, चार दिवस आधीच, मिळाले!

रविवारी भक्तपूर पाहिले. त्या दिवशी तेथे कुत्र्यांची पूजा असते. रस्त्यावरचे बेवारशी कुत्रेदेखील कपाळी टिळा व गळ्यात हार मिरवीत होते. तेथील न्यातपोल हे पाच छपरांचे देऊळ सन १७०२ मध्ये बांधलेले आहे. पायऱ्यांवर खाली दोन मल्ल, त्यांवर हत्ती, त्यांवर सिंह, अशा जोड्या असून प्रत्येक जोडी खालच्या जोडीहून दसपट बलवान मानतात. सन १९३४ व सन २०१५ या दोन्ही भूकंपांत हे देऊळ उभे राहिले. रुंद पायऱ्यापायऱ्यांचे जोते, आणि विटांच्या भिंतींत बसविलेल्या, खुंट्या व पाचरांनी एकमेकींस जखडलेल्या तुळया, हे त्याचे बळ. धक्का बसला की सारी इमारत थोडी हलते, पण एक भाग दुसऱ्यास सोडीत नाही. हे ऐकताच आम्ही आपसूक नऊ नंबराकडे पाहिले.

त्या रात्री लक्ष्मीपूजनाच्या पणत्यांनी उजळलेले शहर पाहून आम्ही सोमवारी निघालो आणि यथाकाल घरी आलो. स्टेशनावर पालक उभे होते. गाडी थांबताच कोणी न सांगता आम्ही गणती केली. बाराही क्रमांक खणखणीत वाजले.

विद्यार्थी बंधूंनो, प्रवास अवश्य करा. संकट येणारच नाही असा प्रवास अद्याप कोणी केलेला नाही. परंतु सोबत्याचा हात सोडू नका, ठरलेला नियम संकटातही मोडू नका, आणि परक्या गावात चुकलेला कोणी दिसला तर असनच्या त्या माउलीचे स्मरण करा. आणि पालकहो, काळजावर दगड ठेवून आपण आम्हांस जाऊ दिलेत, त्याबद्दल आम्ही बारा जण आपले सदैव ऋणी आहोत.