फोटोतला हात

स्कूटरचा आरसा फुटला म्हणून चिखलीच्या बाजूला एका भंगाराच्या गोदामात गेलो होतो. मागच्या भिंतीला जुन्या गाड्यांचे डॅशबोर्ड एकावर एक रचून ठेवले होते, त्यातला एक मी लांबूनच ओळखला. डाव्या बाजूला एसीचा गोल व्हेंट, भोवती चंदेरी रिंग आणि रिंगेखाली दोन बोटं जातील एवढी खाच. उन्हानं वरचं प्लास्टिक पांढुरकं झालेलं, ग्लोव्हबॉक्सचं झाकण गेलेलं. वाकून खाचेत बोटं घातली, तर आतली क्लिप अजून जागेवर होती. गोदामवाला म्हणाला, ‘‘न्यायचाय का काका? नाहीतर किलोच्या भावात जाणारे तो.’’ मी नको म्हटलं, पण तिथून लवकर पाय निघेना.

२०१३ साली याच डॅशबोर्डचा फोटो बाहेर फुटला होता. गाडी बाजारात यायला काही महिने अवकाश होता, पायलट लॉटच्या, म्हणजे पहिल्या चाचणीच्या, गाड्या आमच्या कारखान्याच्या ट्रिम लाईनवर नुकत्या लागल्या होत्या. फोटोत मीटर होतं, स्टिअरिंग होतं, स्टिअरिंगवरचं कंपनीचं चिन्ह झाकणारी कागदी टेप होती. आणि त्या खाचेपाशी सुती हातमोजा घातलेला एक हात होता. मोज्याच्या तळव्याला निळे रबरी ठिपके, अंगठ्याजवळची वीण उसवलेली. काचेपलीकडच्या खांबावर आकडा स्पष्ट वाचता येत होता, सी-१४. आकड्यावरून स्टेशन कळलं. त्या स्टेशनवर क्लिप कोण बसवतो, ते हजेरीपटावर लिहिलेलं होतं.

फोटो काढणारा वेगळाच होता. ज्याचा हात होता त्याला फोटो निघाल्याचं माहीतही नव्हतं. तो मान खाली घालून क्लिप बसवत होता. दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टला गेटवर त्याचं कार्ड लागलं नाही. ठेकेदाराच्या माणसानं बाहेरच गाठून सांगितलं, उद्यापासून येऊ नको. परभणीकडचा पोरगा, विशीतला. त्याच्या पाठोपाठ सी-१४ वरची ठेकेदाराची सगळी पोरं गेली. आणि गेले गेटवरचे काका.

काका साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. कंपनीत शिरताना ते प्रत्येकाच्या मोबाईलच्या कॅमेऱ्यावर लाल गोल स्टिकर लावायचे. नुसतं चिकटवून सोडत नसत. अंगठा सपाट ठेवून कडेकडेनं दाबत जायचे, बुडबुडा राहू द्यायचे नाहीत. स्टिकरचा रोल त्यांच्या शर्टाच्या खिशात असायचा आणि बाहेर पडताना काढलेला स्टिकर ते डेस्कवरच्या वहीत चिकटवून ठेवत. या स्टिकरचा जाच नको म्हणून कित्येक जण तो टॉर्चवाला नोकिया ११०० वापरत. त्याला कॅमेराच नव्हता. पण २०१३ पर्यंत पोरांच्या हातात टचस्क्रीन आले होते आणि गावाकडच्या माणसाशी बोलायला व्हॉट्सॲप लागायला लागलं होतं. फोटो काढणाऱ्यानं स्टिकरची एक कड नखानं उचलली, फोटो काढला आणि कड परत दाबली. काकांनी तो नीट लावला होता की नाही, हे कुणी विचारलं नाही. त्या दिवशी ते गेटबाहेरच्या कठड्यावर ठेकेदाराच्या साहेबाची वाट बघत दुपारपर्यंत बसले होते, रोल खिशात तसाच.

आमच्याकडं याला एक सरळ शब्द आहे: गेट बंद केलं. कायम कामगाराचं गेट बंद करायचं तर आरोपपत्र द्यावं लागतं, खात्यांतर्गत चौकशी करावी लागते, त्याला बाजू मांडू द्यावी लागते. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यानं ते घालून दिलं होतं. ठेकेदाराच्या माणसाला कंपनी काढतच नाही. ठेकेदार त्याला फक्त दुसरीकडं पाठवतो, आणि ते दुसरीकडं कुठंच नसतं. त्यातून वर्षात २४० दिवस भरले, तर १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानं नोटीस आणि भरपाईचा हक्क यायचा, म्हणून त्याआधीच ब्रेक देण्याची रीत. परभणीच्या पोराचे सहा महिनेही भरले नव्हते. युनियनच्या करारात ही माणसं बसत नव्हती. कमिटीनं एक पत्र दिलं, मॅनेजमेंटनं ठेकेदाराकडं बोट दाखवलं, विषय संपला.

मला तेव्हा राहून राहून १९८९ चा सप्टेंबर आठवत होता. टेल्को कारखान्याचे कामगार त्यांचे नेते राजन नायर यांच्यामागे शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले होते. आप्पा, म्हणजे माझे वडील, मला शाळेतून परस्पर तिकडं घेऊन गेले होते. ते स्वतः दुसऱ्या कारखान्यात मशिन शॉपला लेथवर होते, पण ‘‘बघून ठेव’’ म्हणाले. तिथली गर्दी, सतरंज्या, पाण्याचे पिंप मी बघितले. तो लढा पुढं मोडला, पोलिसांनी माणसं उचलून नेली. तरी हजारो माणसं तिथं आली होती. सी-१४ च्या पोरांसाठी सी-१५ ची लाईनसुद्धा थांबली नाही. दुपारपर्यंत त्या जागी नवी पोरं उभी होती, कोऱ्या मोज्यांत.

गाड्यांचे चोरून फोटो काढणं ही जगातली जुनी हौस आहे. जर्मनीत १९५२ साली ‘ऑटो मोटर उंड श्पोर्ट’ या मासिकानं अजून न आलेल्या मर्सिडीजचे फोटो छापले, सोबत गटेच्या ‘एर्लक्योनिग’ या कवितेच्या चालीवर ओळी दिल्या. तेव्हापासून तिकडं झाकून फिरवलेल्या चाचणीच्या गाडीला एर्लक्योनिगच म्हणतात. अमेरिकेत डेट्रॉइटच्या जिम डननं आयुष्यभर हाच धंदा केला. क्रायस्लरच्या ॲरिझोनातल्या चाचणी मैदानाला लागून त्यानं जमिनीचा तुकडा विकत घेतला, म्हणजे आपल्याच जागेत उभं राहून फोटो काढता यावेत. आपल्याकडं खंबाटकीच्या घाटात, कात्रजला, काळ्यापांढऱ्या नक्षीत गुंडाळलेली लाल पाटीची गाडी दिसली, की पोरं मोटारसायकल दामटतात. त्यांचा मला राग नाही. रस्त्यावर आलेली गाडी रस्त्यावरच्या माणसानं बघायचीच.

राग आहे तो त्या वॉटरमार्कचा. फोटो पहिल्यांदा ज्या ठिकाणी झळकला, त्यांनी त्यावर आडवं आपलं नाव टाकलं होतं. ती अक्षरं नेमकी मोज्यातल्या हातावरून गेली होती. डॅशबोर्ड आमच्या लाईनवरचा, हात परभणीच्या पोराचा, फोटो तिसऱ्याच कुणी काढलेला आणि मालकी यांची. मागचा खांब खोडायला त्यांना एक मिनिट लागलं असतं. हात कापून टाकायला त्याहून कमी. फोटो छापायचाच होता, तर तेवढं करणं त्यांच्या हातात होतं. ज्याच्या पोटाशी गाठ आहे तो माणूस फोटोत दिसतोय, हे डोळ्यांपुढं असूनही त्यांनी तो तसाच लावला, हे मी आजही विसरलेलो नाही. आणि पुढच्याच महिन्यात कंपनीच्या मार्केटिंगनं त्याच डॅशबोर्डचा अर्धा भाग अंधारात दाखवून जाहिरात सुरू केली. ती व्हेंटची चंदेरी रिंग चौकाचौकात होर्डिंगवर लागली.

परदेशातल्या गोष्टीही याच वाटेनं जातात. ऑक्टोबर २००३ मध्ये अमेरिकेत रेडमंडला मायक्रोसॉफ्टच्या आवारात काम करणाऱ्या एका कंत्राटी माणसानं ट्रकमधून उतरणाऱ्या ॲपलच्या संगणकांचा फोटो इंटरनेटवर टाकला. ते संगणक मायक्रोसॉफ्टनं बनवलेलेसुद्धा नव्हते, तरी त्याचं काम गेलं. २०१७ साली एक मुलगी कुपर्टिनोला ॲपलमध्ये इंजिनिअर असलेल्या वडिलांना भेटायला गेली, त्यांच्या हातातल्या आयफोन टेनचा व्हिडिओ तिनं काढला. फोन ३ नोव्हेंबरला दुकानात येणार होता. त्याआधीच व्हिडिओ जगभर गेला आणि वडिलांची नोकरी गेली. ती बातमी वाचली तेव्हा मी त्या मुलीचाच विचार करत राहिलो. बापाला भेटायला आलेली लेक. बाप काय काम करतो ते चार माणसांना दाखवावंसं वाटलं, एवढंच.

कारण तोवर फोटो काढणारा मला भेटून गेला होता. एका दिवाळीत तो घरी आला, बीडकडचा, त्या वेळी आमच्याकडं ट्रेनी होता. आता गावाकडं दुधाच्या टेम्पोवर असतो. फराळाची बशी पुढं ठेवली, तरी तिला हात लावेना. म्हणाला, ‘‘दादा, आईला पाठवायला काढला होता तो फोटो. ती सारखी विचारायची, तू तिकडं नेमकं करतोस काय.’’ आईकडं साधा फोन, म्हणून चुलतभावाच्या नंबरवर पाठवला, की तो घरी जाऊन दाखवेल. चुलतभावानं दाखवला आणि एका ग्रुपवरही टाकला. पुढं तो कुणाच्याच हातात राहिला नाही. ट्रेनिंग संपवून हा गेला, त्याच्यावर कधी कुणाचा संशय आला नाही.

‘‘मी परभणीला त्याच्या घरी गेलो होतो दादा,’’ तो म्हणाला. ‘‘त्याची आई होती. तो गुजरातला कामाला गेलाय म्हणाली. कंपनीतला दोस्त आलाय म्हणून तिनं चहा केला. मी चहा प्यालो आणि आलो. तोंडातून शब्दच फुटला नाही.’’ मग थोड्या वेळानं, ‘‘हात त्याचा होता ओ. मी काढताना मला हात दिसलाच नव्हता. मला नुसती गाडी दिसत होती.’’

मला त्या पोराबद्दल माया वाटते, ती अजूनही. त्यानं नियम मोडला, हे खरंच आहे. गुपित राखणं हेही कामच आहे. कितीतरी इंजिनिअरांची वर्षं त्या गाडीत गेलेली असतात, दुसऱ्या कंपनीनं ते आयतं उचलू नये, हे मला पटतं. त्याला शिक्षा झाली असती, तर मी तक्रार केली नसती. पण त्याच्या फोटोनं नोकऱ्या गेल्या, असं तो म्हणतो, तिथं मी त्याला थांबवलं. फोटोनं गुपित गेलं. नोकऱ्या घालवल्या त्या ज्यांनी हजेरीपटावर बोट ठेवून अख्खं स्टेशन पुसलं, त्यांनी. खरा माणूस शोधायला वेळ लागतो, चौकशी लागते, साक्षी लागतात. कुणीतरी गेलं एवढं दाखवायला एक फोन पुरतो. ज्यांनी तो फोन केला, त्यांच्यातलं कुणी परभणीला जाऊन आल्याचं माझ्या ऐकिवात नाही. टेम्पोवाला तेवढा गेला. पश्चात्ताप उतरंडीवरून घरंगळत खाली येतो आणि सगळ्यांत खालच्या माणसाच्या पदरात पडतो, हे मी कारखान्यात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

त्या रात्री तो गेल्यावर मी आप्पांचा फोटो काढून बघितला. खंडेनवमीला त्यांच्या कारखान्यात मशिनी धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालत आणि फोटोग्राफर बोलावत. प्रत्येक कामगाराचा त्याच्या मशिनसोबत एक फोटो निघे, दिवाळीआधी हातात मिळे. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून लेथच्या चकवर हात ठेवून उभे आहेत. आईनं तो फोटो देवघराशेजारी लावला होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, हे यांचं मशिन. आमच्या नातेवाइकांत लेथ म्हणजे काय हे ज्यांना कळायचं नाही, त्यांनाही आप्पांच्या चेहऱ्यावरून कळायचं की हा माणूस काहीतरी घडवतो.

माझा असा फोटो नाही. इतकी वर्षं लाईनवर काढली, किती मॉडेलं डोळ्यांसमोर सुरू झाली आणि बंद पडली. त्यातल्या एकाशेजारीही मी उभा असलेला कागद माझ्या घरात नाही. आमच्या पिढीपासून कारखान्यात कॅमेरा म्हणजे गुन्हा झाला. गुपितासाठी ते झालं असेल, पण गुपित काही महिन्यांचं असतं. गाडी शोरूमला लागली की त्यात लपवण्यासारखं काही उरत नाही. बंदी मात्र तशीच राहते आणि माणूस आपल्याच कामाच्या शेजारी कधीच दिसत नाही. ठेकेदाराच्या पोरांचं तर विचारूच नका. ती सात महिन्यांनी जातात, तेव्हा त्यांनी काय घडवलं, याचा घरी सांगायला पुरावा नसतो. बीडच्या त्या आईनं विचारलेल्या प्रश्नाला कंपनीकडं उत्तर असतं, तर स्टिकरची कड उचलायची पाळी आली नसती, असं मला वाटतं.

म्हणून चाकण-पिंपरीतल्या, वाळूज-रांजणगावातल्या कारखानदारांना माझं एक सांगणं आहे. स्टिकर लावा, जरूर लावा. गुपित फुटलं तर ज्यानं फोडलं त्याला शोधा, आणि तो सापडेपर्यंत बाकीच्यांचं गेट उघडं ठेवा. आणि गाडी बाजारात आली, की एक दिवस लाईन अर्धा तास थांबवा. ती गाडी ज्यांनी ज्यांनी जोडली, त्या प्रत्येकाचा तिच्या शेजारी फोटो काढा, ठेकेदाराची पोरं आणि गेटवरचे काका धरून. मोजे काढायला सांगा. फोटो छापून त्याच्या गावच्या पत्त्यावर पाठवा. टपालाला फार खर्च येत नाही.